कोपर दिसला, आवाज नाही

लौच्का गावात कुणालाही विचारावं, फ्लोरियान ह्रुबेशचा मुलगा काय करतो हो? उत्तर ठरलेलं. "ब्रनो शहरात असतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. म्हणजे, वाजवतो म्हणे." या 'म्हणे'चा उगम खुद्द फ्लोरियानच्या घरात होता. तो मुलाच्या कार्यक्रमांना जाऊन आला होता, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर वाइनच्या तळघरात, शेजाऱ्यांच्या समोर, पेला खाली ठेवून त्याने एकच साक्ष दिली होती. "कोपर हलताना दिसला. आवाज काही आला नाही."

वेंदेलिनच्या अख्ख्या कारकिर्दीत त्याला खुपलेली गोष्ट ही एवढीच. बाकी माणूस सुखी. सुखी असल्याचं तो लपवतही नसे, त्यामुळे ऑर्केस्ट्रातल्या निम्म्या लोकांना त्याचा राग यायचा. पण बापाने आपल्याला एकदा तरी ऐकावं, ही इच्छा त्याच्या मनातून कधी गेली नाही. आणि बाप तर आता ऐंशी ओलांडून बसलेला.

बरं, फ्लोरियान काही गाण्यातलं न कळणारा माणूस नव्हता. उलट कळण्यातच त्याचा जन्म गेला होता. पिंपं बनवणं हा त्याचा धंदा आणि गावच्या बँडमध्ये तो कोंत्राश. आमच्याकडे बँडमध्ये सगळा मान प्रिमाशचा. तो व्हायोलिनवर चाल धरतो, सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, नवरीच्या मैत्रिणींकडे बघून मिशा फेंदारतो, आणि लोक वाइनचा पहिला पेला त्याच्या हातात देतात. कोंत्राश त्याच्या मागे उभा. त्याच्याकडे व्हायोलिनचीच थोराड बहीण, म्हणजे व्हायोला, गावच्या बोलीत कोंत्रा. तिच्यावर चाल वाजवायची नाही. दोन-तीन सूर एकदम दाबायचे आणि गजाने मागेपुढे रेटत राहायचं, लग्न संपेपर्यंत. त्याला पेला मिळतो तो शेवटी, आणि तोही कुणाला आठवण झाली तर.

"लोकांचे कान असतात प्रिमाशकडे," फ्लोरियान म्हणायचा, "पाय असतात माझ्याकडे. मी थांबलो तर नाचणारे एकमेकांच्या अंगावर पडतील."

हे बोलणं खोटं नव्हतं. फक्त तो ते काम पुष्कळदा झोपेत करायचा. उभ्या उभ्या, डोळे मिटून, मान छातीवर, आणि गज आपला चालू. त्याची बायको आपोलेना म्हणायची, की या माणसाच्या झोपेची तऱ्हाच उलटी आहे. घरात पोरं भांडू देत, अंगणात कापायला घेतलेलं डुक्कर गळा काढू दे, हे आपले घोरतायत. पण भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की ताडकन उठून बसणार. "काय झालं? काय थांबलं?" असं विचारत.

वेंदेलिनने मात्र प्रिमाश व्हावं, असं बापाच्या मनात होतं. स्वतःच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, पण मुलाने मागे उभं राहू नये, एवढंच. म्हणून पोराच्या हातात त्याने व्हायोलिन दिलं, शाळेतल्या गुरुजींकडे धाडलं, आणि पोरगं हुशार निघालं तेव्हा ब्रनोच्या संगीतशाळेत पाठवलं. निघताना आपोलेनाने जर्दाळू घातलेले गोड पाव, कोलाच, बांधून दिले, आणि फ्लोरियानने एक वाक्य दिलं. "पुढे उभा राहा रे."

पहिल्याच वर्षी प्रोफेसरबाईंनी वेंदेलिनचे हात हातात घेऊन उलटेपालटे केले. पिंपं बनवणाऱ्याच्या घरातले हात ते. बाई म्हणाल्या, "ह्रुबेश, तुझी बोटं व्हायोलिनवर एकमेकांना तुडवतायत. आणि तू बोलतोस कमी, ऐकतोस जास्त. व्हायोला घे."

"बाई, पण मला..."

"मला ठाऊक आहे काय ते. सगळ्यांनाच पुढे बसायचं असतं. एक आठवडा वाजवून बघ. नाही आवडलं तर परत कर."

आठवड्याने व्हायोला परत करायला तो गेला खरा. पण मधल्या काळात त्याला चौघांनी मिळून वाजवायच्या एका चौकडीच्या तालमीत बसवलं होतं, आणि तिथे त्याला काहीतरी भलतंच झालं होतं. एका बाजूला चाल चाललेली, दुसऱ्या बाजूला गुडघ्यांत धरलेला जाड आवाजाचा चेलो घुमतोय, आणि आपण दोघांच्या बरोबर मधे; आपण एक सूर अर्ध्या पायरीने खाली नेला की सगळ्या गाण्याचा चेहराच बदलतो. हसरं गाणं रडवेलं होतं. आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की हे कुणी केलं! लहानपणी शेजारच्या बागेतली चेरी पाडून भिंतीआड बसायचं, तसली ती मजा होती. बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत तो गेला आणि तसाच मागे फिरला.

सुट्टीत घरी आला तेव्हा पेटी उघडून त्याने वाद्य दाखवलं. फ्लोरियानने बराच वेळ पाहिलं.

"ही तर कोंत्रा आहे."

"व्हायोला म्हणतात तिकडे, बाबा."

"म्हणू देत काय म्हणायचं ते. तुला एवढ्या लांब पाठवलं ते कोंत्राश व्हायला? हे काम तर मी तुला अंगणात फुकटात शिकवलं असतं!" मग बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का? आपल्या घराण्याच्या पाचवीलाच पुजलंय हे."

आपोलेना म्हणाली, "पोरगं खूश दिसतंय. जेवायला वाढू का?"

तिथेच तो विषय मिटला, म्हणजे बोलण्यापुरता.

पुढे वेंदेलिनचं सगळं रीतसर झालं. सैन्यातली दोन वर्षं त्याने लष्करी बँडमध्ये झांजा वाजवून काढली, कारण कूच करताना व्हायोला कुणाला लागत नाही. मग ऑर्केस्ट्राची परीक्षा. पडद्याआडून वाजवायचं होतं. वाजवून झाल्यावर पडद्यापलीकडून आवाज आला, "चांगलं आहे. कुणाला काही आठवतंय का काय वाजवलं ते?" आणि सगळे हसले, आणि त्याला घेतलं. व्हायोलावाल्याच्या कपाळी हे विनोद लिहिलेलेच असतात. तालमीच्या मधल्या सुट्टीत कॅंटीनमध्ये, कॉफी आणि शिंगासारखे वळलेले पाव खाताना, रोज नवा. सगळ्यात जास्त सांगायचा तो ओल्डा. पहिल्या फळीतला व्हायोलिनवाला, वेंदेलिनचा जिवाभावाचा मित्र, आणि जिभेला हाड नसलेला.

"ऐका," ओल्डा म्हणायचा. "चौघं वाजवत होते. मधेच व्हायोलावाला उठला, कोपऱ्यावर जाऊन बिअर प्यायला आणि परत येऊन बसला. संपल्यावर बाकीचे तिघं त्याला काय म्हणाले सांगा?"

"काय?"

"वेंडा, आज तू फारच छान वाजवलंस!"

वेंडा म्हणजे वेंदेलिनच, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. त्याला खरंच हसू यायचं. यांना ठाऊक नाही, खरंच मधेच उठून बिअर प्यायला जाऊन बघायला हवं एकदा, असं त्याच्या मनात येई आणि तो पावाचा दुसरा तुकडा मोडून कॉफीत बुडवी.

त्याचं लग्न ड्राहोमिराशी झालं. ती दाताच्या दवाखान्यात नर्स. संगीताशी तिचा संबंध एवढाच, की नवरा सकाळी दाढी करताना गुणगुणायचा आणि तिला एकही गाणं ओळखू यायचं नाही.

"हे कुठलं रे?"

"अगं, रेडिओवर काल लागलं होतं ते. तू स्वतः म्हणत होतीस."

"हे ते नाही."

"तेच आहे. मधलं."

वेंदेलिनला कुठल्याही गाण्याची चाल अशी येतच नसे. मधला सूर येई. चाल दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असते आणि ती आपोआप चालू राहते, असा त्याचा पक्का समज झाला होता. या समजापायी एकदा चांगलीच फजिती झाली. त्यांची मुलगी ल्युबोशा शाळेत जाऊ लागली, नाताळ आला, आणि बाईंनी मुलांकडून ते एक गाणं बसवून घ्यायला सुरुवात केली, जे आमच्याकडे कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ असतं. ल्युबोशा भलतंच गाऊ लागली. बाईंनी दुरुस्त केलं, तर हिने बाईंनाच दुरुस्त केलं. शेवटी आईबापांना बोलावणं गेलं.

"मुलगी गोड आहे हो," बाई जपून म्हणाल्या, "पण कानाने जरा... म्हणजे डॉक्टरांना दाखवून घ्याल का?"

वेंदेलिनने मुलीला गायला सांगितलं. तिने छाती काढून, डोळे मिटून, अगदी चोख म्हटलं. वेंदेलिन कानापर्यंत लाल झाला. तान्ही असल्यापासून झोपवताना तो तिला ते गाणं म्हणून दाखवत होता, व्हायोलाच्या ओळीतलं. पोरीने चाल कधी ऐकलीच नव्हती.

"कान शाबूत आहे तिचा," तो पुटपुटला. "तुम्ही चाल म्हणा, बाई. तिला असंच म्हणू दे."

बाईंनी चाल धरली. ल्युबोशा खाली मधून चालत राहिली. दोन ओळी झाल्या आणि बाई गाता गाता थबकल्या, कारण वर्गाच्या दारात शाळेची सफाईवाली आजी बादली घेऊन उभी राहिली होती आणि डोळे पुसत होती. घरी येताना ड्राहोमिरा ट्रामच्या थांब्यावर पोट धरधरून हसली. त्या नाताळात त्यांच्या घरात पहिल्यांदा त्या गाण्याची चालही गायली गेली. ती ड्राहोमिराला गावी लागली, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

तर असा हा सुखी माणूस. पण गाडी वडिलांपाशी येऊन अडायची.

फ्लोरियान पहिल्यांदा ब्रनोला आला तो लग्नातला काळा कोट घालून. खुर्च्या मखमलीच्या, दिवे मंद. दुसऱ्या सुरालाच गडी झोपला. पुढच्या वेळी तेच. आपोलेना होती तोवर तीही यायची आणि टक्क जागी राहून सगळं बघायची, पण तिला वाजवणाऱ्यांच्या कपड्यांतच जास्त रस. ती गेल्यावर फ्लोरियान एकटा येऊ लागला. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर वेंदेलिन विचारायचा, "कसं वाटलं, बाबा?"

"छान झोप लागली."

"आणि मी?"

"तुझा कोपर दिसला सुरुवातीला. आवाज नाही आला बुवा. तिथे कुणी नाचत नाही, मग तू वाजवतोयस हे मला कळावं कसं?"

एकदा योग जुळून आला. व्हायोलांचा म्होरक्या आजारी पडला, आणि एका ऑपेरात व्हायोलाने एकट्याने वाजवायची जागा होती. छोटी, पण एकट्याची. ती वेंदेलिनकडे आली. त्याने ड्राहोमिराला बजावून ठेवलं, "ती जागा आली की बाबांना कोपरखळी मार. जोरात मार. मग काय बोलायचं ते बोलू देत."

तिने मारली. म्हातारा दचकून जागा झाला आणि त्याने सबंध जागा नीट, कान देऊन ऐकली. वेंदेलिन वाजवून घामाघूम झालेला. ऑपेरा संपल्यावर तो धावतच बाहेर आला.

"ऐकलंत ना, बाबा?"

"ऐकलं की. बरं होतं." फ्लोरियान विचारात पडलेला दिसला. "पण ते तर प्रिमाशचं काम. तू तिकडे चाल धरून बसलास, तर त्या वेळी कोंत्रा कोण सांभाळत होतं?"

घरी बूट काढता काढता वेंदेलिन बायकोला म्हणाला, "मी रडतोय असं समजू नकोस. पण मला वाईट वाटलंय." ड्राहोमिराने त्याच्यासाठी सूप गरम केलं.

त्यानंतर काही वर्षांनी लौच्काचे पाद्री ब्रनोला आले. गावच्या जत्रेला, म्हणजे शरदातल्या मोठ्या उत्सवाला, चर्चमध्ये काहीतरी 'चांगलं' संगीत व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. वेंदेलिन, ओल्डा, दुसऱ्या व्हायोलिनवर हुबर्ट आणि चेलोवर एमिलियाबाई, अशी या चौघांची चौकडी होती. फावल्या वेळात ते वाजवायचे. ठरलं. वेंदेलिनच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं.

"ओल्डा," तो म्हणाला, "एखादं असं घेऊ या, ज्यात सुरुवातीलाच चाल माझ्याकडे असेल. बाबा झोपायच्या आत."

ओल्डाच्या ओठावर विनोद आला होता, पण मित्राचं तोंड बघून त्याने तो गिळला. "घेऊ. आणि मी खाली इतका हळू वाजवीन की माझ्या आईलासुद्धा ऐकू येणार नाही. पण वेंडा, तो म्हणेल, हे प्रिमाशचं काम."

"म्हणू दे. निदान ऐकेल तरी."

जत्रेच्या दिवशी दुपारी भाजलेलं बदक, आंबट कोबी, वाफवलेल्या कणकेचे जाड काप आणि नवीन वाइन. असल्या जेवणानंतर कुणी जागं राहणार होतं, अशी आशा वेंदेलिनने का धरावी, देव जाणे. चर्चच्या पहिल्या बाकावर फ्लोरियान काळा कोट घालून बसला. मागे सगळं गाव, नक्षीच्या कपड्यांतल्या पोरी, हॅटला पीस खोचलेली पोरं. वेंदेलिनने गज उचलला, चाल धरली, आणि बापाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

फ्लोरियानची हनुवटी छातीवर टेकली होती. चाल ओल्डाकडे पोहोचेपर्यंत तो घोरायलाही लागला, हळू आवाजात, जवळजवळ तालात. एमिलियाबाईंनी वेंदेलिनकडे पाहिलं आणि नजर वळवली. वेंदेलिनने बापाला ऐकवायचा नाद सोडून दिला. दुसरं करणार काय? आपलं काम मधलं, ते करावं. संथ भाग सुरू झाला. त्यात व्हायोलाला काहीच नव्हतं, नुसते लांब लांब धरलेले सूर, चालीच्या खाली. गावातल्या बायका रुमाल शोधू लागल्या होत्या, आणि सगळे बघत होते ओल्डाकडे.

चर्च जुनं, दमट. वेंदेलिनच्या वाद्याची एक तार सकाळपासून कुरकुरत होती. ती तुटली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, टक् असं काहीतरी झालं आणि तार त्याच्या मनगटावर येऊन पडली. त्याने गज उचलून घेतला. ओल्डाने भुवई उडवून खूण केली, चालू ठेवा, शेवट जवळच आहे. आणि ते तिघं वाजवत राहिले. चाल जशीच्या तशी होती. गावातल्या कुणाच्याही ध्यानात काही आलं नाही.

पहिल्या बाकावर फ्लोरियान ताडकन उठून बसला.

"काय झालं? काय थांबलं?"

सगळं चर्च दचकलं. म्हातारा गोंधळून इकडेतिकडे बघत होता. त्याने ओल्डाकडे पाहिलं, ओल्डा वाजवतच होता. चेलोही चालू होता. मग त्याची नजर मुलाच्या कोपरावर जाऊन थांबली.

"वेंडा! का थांबलास रे?"

ओल्डाचा गज थांबला. हुबर्टचाही. एमिलियाबाईंनी शेवटचा सूर अर्ध्यावर सोडला. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. वेंदेलिनने गज मांडीवर ठेवला. एवढी वर्षं, ते मखमली खुर्च्यांतले सगळे कार्यक्रम, सगळ्या वेळी हा माणूस झोपला होता, आणि सगळ्या वेळी ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्या गावासमोर ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"तार तुटली, बाबा," तो म्हणाला.

"मग दुसरी बसव. आम्हाला काही घाई नाहीये." फ्लोरियान शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळला, आणि चर्चमध्ये बोलायची सवय नसल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खालून पाट काढून घेतल्यासारखं झालं हो एकदम. पडायचोच मी."

ओल्डा वाकून वेंदेलिनच्या कानाशी आला. वेंदेलिनला वाटलं, आता विनोद येणार. ओल्डा म्हणाला, "तो बिअरचा किस्सा मी परत सांगणार नाही."

"सांग रे," वेंदेलिन म्हणाला. "चांगला आहे तो."

त्याने पेटीतून नवी तार काढली. खुंटीत तार पहिल्यांदा गेलीच नाही. अख्खं गाव बसून बघत होतं, आणि गावात जन्म काढलेल्यांना पहिल्यांदाच कळत होतं की हा मधला माणूसही काहीतरी करत असतो. तार लागली. त्याने ती सुरात आणली, ओल्डाकडे पाहून मान हलवली, आणि संथ भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

चार-सहा सुरांतच फ्लोरियानची हनुवटी परत छातीवर आली. वेंदेलिनने ते पाहिलं. पुढे नवी तार जरा सुरातून उतरली, गज धरलेला हात भरून आला, तरी तो थांबला नाही. बाबांची झोप मोडायची नव्हती.